उत्तरेचा पाचवा बुरूज

आमच्या घरात भिंतीवर काहीही टांगायचं झालं की बाबा आधी पाणसळ काढतात. काचेच्या नळीतला बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मधे आला की मगच खिळा. लग्नानंतर माझ्या बायकोने हौसेने आरसा आणला, तो तीन दिवस पलंगावर आडवा पडून होता. आरशात काही दोष नव्हता, भिंतच तिरकी निघाली. "बांधणाऱ्याने अंदाजाने बांधली," बाबा म्हणाले. अंदाज हा शब्द ते शिवीसारखा वापरतात. चौथ्या दिवशी आरशाच्या एका कोपऱ्यामागे पुठ्ठ्याची घडी घालून तो एकदाचा लागला.

बाबा पुरातत्त्व खात्यात आरेखक होते. पडक्या इमारती मोजायच्या आणि त्यांचे नकाशे काढायचे, हे काम. छत्तीस वर्षांची नोकरी आणि शंभरावर नकाशे, पण त्यांचं नाव झालं ते एकाच नकाशामुळे. शहरापासून दीड तासावर, नदीच्या काठाला, एक ओस पडलेलं जुनं गाव आहे. आतली घरं कधीच मातीला मिळाली, तटबंदी तेवढी उभी आहे. वयाच्या एकतिसाव्या वर्षी बाबांनी तिचा नकाशा काढला. चौकोनी तट, प्रत्येक बाजूला पाच बुरूज. तो इतका देखणा उतरला की खात्याने आधी पुस्तिकेत छापला, मग शाळेच्या पुस्तकात गेला, मग तिथल्या दारावरच्या फलकावर लागला. फलकावर खाली लिहिलं आहे, 'चारही बाजूंची काटेकोर समप्रमाणता हे या तटबंदीचे वैशिष्ट्य होय.' एका प्राध्यापकांनी तर हे गाव वसवणाऱ्या राजाच्या शिस्तप्रिय स्वभावावर आख्खं प्रकरण लिहिलं. त्या राजाबद्दल दुसरा पुरावा म्हणाल तर काहीच नाही. स्वभाव सगळा नकाशावरून काढलेला.

यंदा खात्याने तिथे माहिती दालन बांधलं. तटाच्या उत्तर अंगाला, नदीकडे, बाबांच्या वेळेपासून काटेरी झाडीने मिठी मारली होती, तीही साफ केली. दालनाच्या भिंतीवर बाबांचा नकाशा लागणार होता, सहा फूट बाय सहा फूट, काचेखाली, आणि खाली त्यांचं नाव. शेजारच्या पडद्यावर सात मिनिटांची फिल्म. ती फिल्म करायचं काम माझ्या बायकोकडे आलं.

यात वशिला नव्हता, हे सांगून टाकतो, कारण आमच्या नातेवाइकांत याबद्दल दोन तट आहेत. ती सहा वर्षं ड्रोन उडवते आहे. धरणं, दगडखाणी, डोंगरातली हॉटेलं, पडके बंगले, सगळं तिने वरून बघितलं आहे. मी औषधांच्या गोदामात साठ्याची नोंद ठेवतो आणि सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर जातो. मला दोन कामं असतात. ती हातातल्या पडद्याकडे बघत असते तेव्हा मी आकाशाकडे बघायचं, तार किंवा घार दिसली की ओरडायचं. दुसरं, वही लिहायची. वहीत रकाने आहेत: बॅटरीचा नंबर, उड्डाण, उतरण, वारा, शेरा. एका बॅटरीवर ड्रोन पंचवीस मिनिटं तरंगतो, पण ती त्याला अठराव्या मिनिटाला खाली आणते. उरलेली सात मिनिटं नवऱ्याच्या चुकांसाठी राखीव असतात, असं ती म्हणते.

काम मिळाल्याच्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "बाबा, फिल्मचा शेवट मला सुचला. आधी पडद्यावर तुमचा नकाशा येईल. मग तो हळूहळू विरत जाईल आणि त्याच्या खालून खरं गाव वर येईल, बरोब्बर त्याच जागी. तुमच्या रेघेवर भिंत, तुमच्या गोलावर बुरूज."

बाबांचा घास हातात राहिला. मला वाटलं, गहिवरले.

"म्हणजे अगदी डोक्यावरून घेणार?"

"डोक्यावरूनच. शंभर मीटर वर नेला की चारी कोपरे बसतात."

"वारा असतो तिथे."

"बघू की. जास्त असला तर दुसऱ्या दिवशी."

"आणि मधमाश्या," बाबा म्हणाले. "उत्तरेला मोठी पोळी आहेत. तुझ्या भुंग्याच्या आवाजाने उठल्या तर पळता भुई थोडी होईल."

"शंभर मीटरवर कशाला येतील हो?"

"चिडल्या की येतात. तू त्यांना ओळखत नाहीस."

त्या जेवणात मधमाश्या तीनदा आल्या. आठवडाभरात बेरीज अकरा झाली. मी मुद्दाम मोजत नाही, गोदामातली खोड आहे.

पहिल्या दिवशी बाबा आमच्याबरोबर आले. इस्त्रीचा शर्ट, छत्री, घडीची खुर्ची. तिथला पहारेकरी बावीस वर्षं त्याच जागी आहे. नकाशा काढणारे ते हेच, हे कळल्यावर त्याने कडक सलाम ठोकला आणि आम्हाला सगळं गाव दाखवायला निघाला. बाबांना त्यांचाच नकाशा समजावून सांगत होता. बाबा मधे मधे त्याला सुधारत होते. पूर्वेचा दरवाजा नऊ फुटी नाही, नऊ फूट चार इंची. दक्षिणेचा चौथा बुरूज अर्धा ढासळला आहे, पण पावसाने नाही, पायात मुरलेल्या पाण्याने. पहारेकरी प्रत्येक वेळी "होय साहेब" म्हणे आणि पुढे पुन्हा आपलंच सांगे.

मग आम्ही उत्तरेला आलो. झाडी काढल्यामुळे तट नागडा दिसत होता. पहारेकऱ्याने दगडांच्या एका ढिगाऱ्याकडे हात केला. "आणि हा पाचवा. पडलाय बिचारा. पण नकाशात आहे म्हणून मी सगळ्यांना आवर्जून दाखवतो."

बाबांनी ढिगाऱ्याकडे बघितलं, मग नदीकडे बघितलं. नऊ फूट चार इंचांसाठी भांडणारा माणूस चकार शब्द बोलला नाही.

"मधमाश्या कुठे आहेत हो?" माझ्या बायकोने पहारेकऱ्याला विचारलं.

"मधमाश्या? मी नोकरीला लागलो तेव्हासुद्धा नव्हत्या, ताई."

"लपलेल्या असतात," बाबा म्हणाले.

ड्रोन उडाला. तिने त्याला सरळ वर नेलं. खालून तो आधी कावळ्याएवढा दिसत होता, मग माशीएवढा. बाबा खुर्चीत बसले नाहीत. दर मिनिटाला वारा विचारत होते. ड्रोन गावाच्या मधोमध येऊन स्थिरावला तसे ते ओरडले, "घार! उतरव, उतरव!"

मी सगळं आकाश चाळलं. "कुठे आहे, बाबा?"

"गेली."

वहीत मी लिहिलं: बॅटरी दोन, उड्डाण दहा वाजून पाच, उतरण दहा अठरा, वारा मंद, शेरा: घार (बाबांना दिसली).

पण तोवर तिला हवं ते मिळालं होतं. संध्याकाळी घरी तिने संगणकावर नकाशा आणि वरून घेतलेलं चित्र एकावर एक ठेवलं. दक्षिणेची बाजू बसली. पूर्व बसली. पश्चिमही बसली. "हे बघ," ती मला म्हणाली, "दीडशे मीटरच्या भिंतीत वीतभराचासुद्धा फरक नाही. साखळी ओढून मोजलंय रे यांनी! तुझ्यात यातलं काहीच कसं आलं नाही?"

मग उत्तरेची बाजू आली, आणि ती बसेना. नकाशातली रेघ सरळ होती. चित्रातली भिंत मधे आत वळली होती, सैल सोडलेल्या दोरीसारखी. नदीचं वळण होतं तसं वळण भिंतीने घेतलं होतं. बुरूज पाच नव्हते, चार होते. आणि दुसऱ्या-तिसऱ्या बुरुजाच्या मधे भिंतीला खिंडार होतं, तिथून पाण्यापर्यंत पायऱ्या गेल्या होत्या.

तिने आधी ड्रोनला दोष दिला. भिंग वाकडं दाखवत असेल. चित्र फिरवून बघितलं, ताणून बघितलं. दोन दिवसांनी आम्ही दोघंच पुन्हा गेलो, उंची बदलून, बॅटरी बदलून, तीन उड्डाणं केली. भिंत तिन्ही वेळा तशीच वाकडी. बाबांना आम्ही काही बोललो नाही. त्यांनीही, कुठे जाताय, हे विचारलं नाही. हेच खरं तर विचित्र होतं, कारण एरवी आम्ही दूध आणायला निघालो तरी ते विचारतात.

त्या दुपारी ती चित्र सोडून नुसत्या नकाशाकडेच बघत बसली. बराच वेळ. मग म्हणाली, "इकडे ये. दक्षिणेचा चौथा बुरूज बघ. अर्धा ढासळलेला, पूर्वेच्या अंगाने. बरोबर?"

"बरोबर."

"पुढ्यात पडलेले दगड काढलेत, मोज."

"तीन."

"आता उत्तरेचा चौथा बघ."

उत्तरेचा चौथा बुरूजही अर्धा ढासळलेला होता. पूर्वेच्या अंगाने. पुढ्यात दगड होते तीन, त्याच अंतरावर, त्याच आकाराचे, फक्त तोंडं उलटी. हा नकाशा मी लहानपणापासून बघत होतो. माझ्या शाळेच्या पुस्तकात होता. मी तो रंगीत पेन्सिलींनी रंगवलेलासुद्धा आहे. प्राध्यापकांच्या पुस्तकात या दोन बुरुजांवर दीड पान होतं. शत्रूने दोन्ही बाजूंनी एकाच वेळी, सारख्याच ताकदीने हल्ला केला असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता.

"पारदर्शक कागद उलटा केलाय," ती हळूच म्हणाली, "आणि दक्षिणेची बाजू उत्तरेला गिरवलीय. पडझडीसकट."

बाहेरच्या खोलीत बाबा बातम्या बघत होते. आवाज नेहमीपेक्षा कमी होता.

आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की विषय काढायचा नाही. दालन उघडायला आठ दिवस राहिले होते. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाचं नाव काचेखाली लागणार, त्याच्या शेजारच्या पडद्यावर त्याची चूक दिवसातून चाळीस वेळा दाखवायची, हे कोणत्या सुनेला जमेल? रात्रीच्या जेवणाला तिने अगदी सहज बोलल्यासारखं केलं.

"बाबा, शेवट बदलते आहे. डोक्यावरून फार सपाट दिसतं. त्यापेक्षा दक्षिणेकडून तिरका घेते, उन्हं कलतानाचा. सावल्या छान पडतात."

बाबा पाणी प्यायले. त्यांनी पेला खाली ठेवला, मग ताटाच्या कडेशी सरळ रेषेत सरकवला.

"किती फरक आहे?"

"कशात?"

"सूनबाई, मी आरेखक आहे. उत्तरेला किती फरक आहे?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मी डाळीकडे बघायला लागलो.

"मध्यावर अकरा मीटर," ती म्हणाली. "वरून मोजलं तर."

"अकरा!" बाबा मागे टेकले. "मला वाटलं होतं चार-पाच असेल."

मग त्यांनी सांगितलं. तीन दिवसांचा दौरा होता. तिसऱ्या दिवशी दुपारी उत्तर बाजू राहिली होती आणि चारला खात्याची जीप परत निघणार होती. साखळीवाला पुढे आणि बाबा मागे, असे दोघे काट्यांत शिरले, आणि साखळी पोळ्यावर आपटली. दोघांनी नदीत उड्या मारल्या. साखळी तिथेच बुडाली. जीपमध्ये बसले तेव्हा बाबांचा एक डोळा उघडत नव्हता. सोमवारी मोठ्या साहेबांना नकाशा हवा होता.

"कागद उलटा करून पेन्सिलीने गिरवला. तात्पुरता. पुढच्या दौऱ्यात मोजू म्हणून. पुढचा दौरा निघालाच नाही."

"आणि शाई?" मी विचारलं.

"शाई मीच चढवली. साहेब म्हणाले, वा, काय प्रमाणबद्ध आहे! त्या 'वा'नंतर तोंड उघडेना."

"पण बाबा, ते तीन दगड?" माझ्या बायकोला राहवलं नाही.

"हात थांबला नाही ग. दिसलं ते गिरवलं. छापून आल्यावर लक्षात आलं. वाटलं, आता कोणीतरी पकडणार. रोज वाटायचं. तर उलट त्या प्राध्यापकाने दीड पान लिहिलं."

आई सांगायची की लग्न झालं तेव्हा हा माणूस इतका काटेकोर नव्हता, हे पाणसळीचं वेड मागाहून लागलं. कधी लागलं ते तिला सांगता येत नसे. मी त्या जेवणात हिशेब केला. मला तारीख साधारण लागली.

"घे तिरकाच," बाबा शेवटी म्हणाले. "छान दिसेल." आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी भात मागून घेतला.

इतक्यावर मिटलं असतं. पण सकाळी उठून बघतो तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दारात. "मला खात्यात सोड," म्हणाले.

खात्याच्या अधिकारीबाई कामाच्या बाई आहेत. टेबलावर फायलींचे तीन गठ्ठे होते आणि कोणत्या गठ्ठ्यात काय आहे हे त्यांना न बघता माहीत होतं. त्यांनी बाबांना खुर्ची दिली, चहा मागवला. बाबांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, कागद उलटा करण्यापासून तीन दगडांपर्यंत. बाई उठल्या आणि त्यांनी दार लोटलं.

"काका, गुरुवारी उद्घाटन आहे. काच बसली. पुस्तिका छापून आल्या. तुमच्या नकाशाने त्या जागेला ओळख दिली. आणि उत्तरेकडे जातं कोण?"

"झाडी तुम्हीच काढलीत."

"काढली, पण तिकडे रस्ता केला नाही. तुमच्या सूनबाई तिरका शॉट घेणार म्हणताय ना? फारच सुंदर. तसाच घ्या."

"म्हणजे हे चालेल तुम्हाला?"

"आम्हाला काय?" बाई समजुतीच्या आवाजात म्हणाल्या. "बेचाळीस वर्षं चाललंच आहे की!"

म्हणजे बाबांना जे हवं होतं ते मिळालं. फुकट मिळालं, वर सरकारी संमतीने मिळालं. ते खूश व्हायला हवे होते. जिना उतरताना ते म्हणाले, "चाललंच आहे म्हणे." गाडीत बसल्यावर पुन्हा म्हणाले. सिग्नलला तिसऱ्यांदा. घरी बूट काढताना चौथ्यांदा.

"सूनबाई," त्यांनी आतल्या खोलीच्या दारातून हाक मारली, "वरूनच घे. डोक्यावरून. सगळं दिसू दे."

"बाबा, अहो पण बाई नको म्हणाल्या ना?"

"लेखी म्हणाल्या का?"

लेखी नव्हतं. लेखी होती ती पहिली मंजूर संहिता, आणि तिच्या शेवटच्या ओळीत 'नकाशा विरून त्याच जागी प्रत्यक्ष तटबंदी, थेट वरून' असं स्वच्छ लिहिलेलं, खाली बाईंची सही. माझी बायको कराराचा शब्द मोडत नाही. मोडायचा नसला की तर अजिबातच नाही.

"एकदा विचारते," ती म्हणाली. "लोकांनी चारचौघांत विचारलं तर?"

"विचारतील. त्यासाठीच दाखवतोय."

बुधवारी संध्याकाळपर्यंत ते बरे होते. मग त्यांनी मला तीन वेळा विचारलं की दालनात किती खुर्च्या आहेत. मी चाळीस सांगितल्या. तिसऱ्या वेळी म्हणाले, "उभे राहणारे धरून?"

गुरुवारी अडतीस माणसं होती. पुढच्या रांगेत प्राध्यापक, शेजारी अधिकारीबाई, एक स्थानिक बातमीदार, आणि टोकाच्या खुर्चीत बाबा, मांडीवर छत्री. पहारेकरी मागे दाराशी उभा. नकाशा काचेखाली असा चकाकत होता की मलाही क्षणभर वाटलं, खरं गावच चुकलं असेल.

फिल्म छान झाली होती. सकाळचं धुकं नदीवरून उचलत होतं, ड्रोन पाण्याला लागून येऊन एकदम तटावर चढत होता, तेव्हा दोन-तीन जणांनी खुर्चीचे हात धरले. मग शेवट आला. पडद्यावर बाबांचा नकाशा, सगळ्या रेघांसकट. तो विरायला लागला. दक्षिणेच्या रेघेवर दक्षिणेची भिंत आली, पूर्वेवर पूर्व, पश्चिमेवर पश्चिम. उत्तरेला रेघ एकीकडे राहिली आणि भिंत दुसरीकडे निघाली. पाचव्या गोलाच्या जागी नुसतं गवत. माझ्या बायकोने ते चित्र पूर्ण दहा सेकंद धरून ठेवलं होतं. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी छत्री दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

दहा सेकंद संपले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अहाहा!" प्राध्यापक वळून सगळ्यांना म्हणाले. "काय समप्रमाणता! प्रत्यक्ष पाहायला मिळाली!"

अडतीस माणसांत एकालाही काही दिसलं नव्हतं. अधिकारीबाईंना दिसलं होतं बहुतेक, पण त्या सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होत्या. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बेचाळीस वर्षं पकडणाऱ्या ज्या हाताची वाट बघितली तो खांद्यावर पडलाच नाही. मला वाटतं, त्यांना अपमान वाटला. ते उठले, नकाशापाशी गेले आणि छत्रीच्या टोकाने काचेवर टकटक केली.

"थांबा. टाळ्या थांबवा. या तीन बाजू मी मोजल्यात. ही नाही मोजली. ही मी कागद उलटा करून गिरवली. इथे भिंत सरळ नाही, अकरा मीटर आत वळलेली आहे. पाण्याला जायला पायऱ्या आहेत. बुरूज चार आहेत. पाचवा नाही, कधी नव्हता."

मग मागून, दाराशी उभ्या पहारेकऱ्याचा आवाज आला, "साहेब, मग तो ढिगारा कशाचा?"

"ते तूच सांग. बावीस वर्षं तू दाखवतोयस."

"तुम्ही लिहिलं होतं म्हणून झाडीतून वाट पाडून शोधून काढला ना, साहेब! आणि पायऱ्यांचं म्हणाल तर मी रोज तिथेच अंघोळ करतो. कोणी विचारलंच नाही."

हसण्याची लाट आली ती बाबांवर होती की पहारेकऱ्यावर, ते मला ठरवता आलं नाही. प्राध्यापक हसले नाहीत. ते काचेपाशी आले, चष्मा वर करून दोन्ही चौथे बुरूज बघितले, आणि दगड मोजताना त्यांचे ओठ हलले.

"पण मग राजाचा स्वभाव?" त्यांनी विचारलं.

"राजाचा मला माहीत नाही," बाबा म्हणाले. "तो स्वभाव माझा आहे."

अधिकारीबाई तोवर बातमीदाराशी बोलत होत्या. खात्याच्या नव्या हवाई चित्रीकरणातून अज्ञात पायऱ्यांचा शोध लागला, असं त्या म्हणत असल्याचं मी ऐकलं. कामाच्या बाई आहेत, हे मी आधीच सांगितलं. बाबांनी त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली. काचेवर उत्तर बाजूला कागदाची एक पट्टी चिकटवायची, 'ही बाजू मोजलेली नाही'. बाईंनी आढेवेढे घेतले, पण बातमीदार ऐकत होता. पट्टी बाबांनी स्वतः लिहिली आणि चिकटवण्यापूर्वी खिशातून पाणसळ काढली.

पुढच्या रविवारी आम्ही चौघे उत्तरेच्या तटाखाली होतो. बाबांच्या हातात पोलादी फीत, तिचं दुसरं टोक पहारेकऱ्याच्या हातात. आपल्या ढिगाऱ्याजवळून जाताना पहारेकऱ्याने वळसा घातला, त्यावर पाय दिला नाही. माझी बायको ड्रोन तटाच्या कडेने हळूहळू नेत होती आणि कुठे वळण आहे ते ओरडून सांगत होती. बाबा चार पावलं चालत आणि थांबत. गुडघे दुखत असणार, पण खुर्चीत बसा म्हटलं तर ऐकले नाहीत. खुर्ची पहारेकऱ्याच्या कामाला आली. एका बॅटरीच्या कामाला चार बॅटऱ्या लागल्या. मधमाश्यांचं नाव दिवसभरात एकदाही निघालं नाही.

मध्यावर फीत ताणून झाल्यावर बाबा वाकून आकडा बघत राहिले. मग दुसऱ्यांदा ताणायला लावली.

"अकरा मीटर वीस," ते म्हणाले.

"मी अकरा सांगितलं होतं," माझी बायको पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

"वीस सेंटिमीटर कुठे गेले? तुझा भुंगा अंदाज सांगतो."

"उद्या घरात आरसा सरकलेला दिसला तर मला विचारू नका हां, बाबा."

बाबांनी माझ्याकडे हात केला. मला कळेना काय हवंय. "वही," ते म्हणाले. त्या वहीला आजवर माझ्याशिवाय कोणी हात लावला नव्हता. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, माझे सगळे रकाने वगळून सरळ शेवटच्या रकान्यापाशी गेले, आणि 'शेरा' या शब्दाखाली त्यांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं:

'उत्तर बाजू. बुरूज चार. मोजले.'